दीड मिलिमीटरची सुटका

निगडीची ट्रान्सपोर्टनगरी असो, कळंबोलीचं ट्रक टर्मिनल असो की महामार्गाच्या कडेला चार पत्रे ठोकून उभं केलेलं गॅरेज असो, केबिनमधून खाली उतरणारा ड्रायव्हर बहुतेकदा दोनच शब्द बोलतो : ‘क्लच गेला.’ या दोन शब्दांवर मिस्त्रीने पाना हातात घेऊ नये. कारण त्यांच्याआड अगदी उलट स्वभावाची दोन दुखणी दडलेली असतात. एकात क्लच पकडत नाही : ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र तेवढी पळत नाही, आणि घाटात जळक्या लायनिंगचा वास केबिनभर पसरतो. दुसऱ्यात क्लच सोडत नाही : पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्सची फारकत होत नाही, गिअर पडत नाही, पडलाच तर दात घासल्याचा ‘खर्रर्र’ आवाज करत पडतो.

पहिल्या दुखण्याची सगळ्यांना धास्ती असते, कारण ते गाडी रस्त्यात उभी करतं. दुसरं महिनोन् महिने चालवून घेतलं जातं. ड्रायव्हर पेडल दोनदा मारतो, गिअरचा दांडा जोर लावून ढकलतो, सिग्नलला इंजिन बंद करून पहिला गिअर टाकतो आणि मग स्टार्टर मारतो. गाडी चालते, माल पोचतो, भाडं मिळतं. आणि तेवढ्या काळात गिअरबॉक्समध्ये वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या कड्या झिजून जातात. क्लचच्या बाहेर असलेला, एका छोट्या रबरी सीलचा दोष शेवटी गिअरबॉक्सच्या ओव्हरहॉलिंगपर्यंत जातो. अवजड वाहनांच्या दुरुस्तीत इतकं स्वस्तात सुरू होऊन इतकं महागात पडणारं दुसरं दुखणं क्वचितच असेल.

हे असं का होतं, याचं उत्तर एका साध्या हिशोबात आहे. मोठ्या ट्रकचं क्लच पेडल वरपासून खालपर्यंत साधारण दीडशे मिलिमीटर हलतं. तिकडे घंटेच्या आकाराच्या हौसिंगमध्ये रिलीज बेअरिंग दहा-बारा मिलिमीटर सरकतं. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती प्रेशर प्लेट क्लच प्लेटवरून उचलली जाते ती जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर. त्यातही प्लेटच्या दोन लायनिंगच्या मधोमध लहरदार पोलादी पट्ट्या असतात. गाडी झटका न देता उचलावी म्हणून. दाब निघाला की त्या पट्ट्या फुलतात आणि मिळालेल्या जागेतला बराच भाग खाऊन टाकतात. उरलेली जागा दोन बाजूंना वाटली गेली की प्रत्येक बाजूला फट राहते ती मिलिमीटरच्या काही अंशांची. इंजिनापासून गाडी सुटते ती एवढ्याशा फटीमुळे.

म्हणजे पायाच्या दीडशेला आत दीड. प्रवास शंभरपट घटतो आणि त्याच हिशोबात जोर वाढतो. म्हणूनच माणसाचा पाय दोन-तीन टनांच्या दाबाखाली चिमटलेली प्लेट मोकळी करू शकतो. पण ही शंभरपट घट झिजेलाही लागू पडते. पेडलच्या पिनमध्ये एक मिलिमीटरचा खेळ आला तर त्याने फारसं बिघडत नाही. आत बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कच्या टोकाशी, म्हणजे जिथे बेअरिंगचा एकूण प्रवासच दहा-बारा मिलिमीटर आहे तिथे, एक मिलिमीटर झिजला तर पेडलचा बारा-पंधरा मिलिमीटर प्रवास फुकट गेल्यासारखं होतं. झीज जितकी आत, तितकी ती महाग. आणि गंमत अशी, की शोध मात्र बाहेरूनच सुरू करायचा असतो, कारण आतलं बघायला दोनशे किलोच्या पुढचा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

तो उतरवण्याची घाई हाच या धंद्यातला मोठा रोग आहे. ‘प्लेट संपली असेल, गिअरबॉक्स काढू’ हे निदान नव्हे, अंदाज. प्लेट संपली तर क्लच बहुधा घसरतो. तो सुटत नाही असं सहसा होत नाही. तरीही गिअर पडत नाही म्हणून उतरवलेल्या कित्येक गाड्यांत नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं बेअरिंग बसतं, दोन दिवस जातात, आणि पहिल्या वळणावर गिअर पुन्हा खरखरतो. दोष पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरमध्ये होता.

जाणता मिस्त्री आधी गाडीत बसतो. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघतो. बंद इंजिनात लोण्यासारखे पडणारे गिअर इंजिन चालू होताच अडत असतील तर संशय क्लचवर. बंद इंजिनातही दांडा अडत असेल तर गिअरच्या रॉडमध्ये, बुशमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये बघायचं. क्लचला हात लावायचा नाही. एवढा एक मिनिटाचा भेद कित्येकदा केलाच जात नाही.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. इंजिन आयडलिंगला, पेडल तळाला, आणि मग घाई न करता आठ-दहा सेकंद थांबायचं. जड प्लेट फिरता फिरता थांबायला तेवढा वेळ घेते. लगेच टाकल्यावर झालेली खरखर हा दोष नव्हे, ती जडत्वाची करामत. पण थांबूनही रिव्हर्स खरखरला तर काहीतरी अजून शाफ्टला फिरवतंय. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर अलगद पडला तर तेलाच्या लाइनमध्ये हवा असण्याची किंवा मास्टर सिलेंडर कमजोर झाल्याची खूण. पहिला गिअर टाकून, पेडल दाबून धरून सपाट जागेवर उभं राहिल्यावर गाडी अर्ध्या मिनिटाने हळूहळू पुढे सरकू लागली, तर मास्टरच्या आतला रबरी कप तेल धरून ठेवत नाही. बाहेर एक थेंबही गळत नसला तरी. ही चाचणी घेताना समोर माणूस किंवा भिंत नको, आणि एक पाय ब्रेकजवळ हवा, हे सांगायला नको. तरी सांगितलेलं बरं.

कानानेही बरंच कळतं. पेडल दाबताच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबताच शांतता, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. तिसरा एक लपलेला गुन्हेगार असतो, फ्लायव्हीलच्या पोटातलं स्पिगॉट बेअरिंग. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक त्यात टेकलेलं असतं. क्लच पकडलेला असताना फ्लायव्हील आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे या बेअरिंगला काही कामच नसतं. क्लच सुटला की मगच त्याची परीक्षा. ते जाम झालं असेल तर प्रेशर प्लेट कितीही उचलली, तरी फ्लायव्हील शाफ्टला थेट मधूनच फिरवत राहतं. बाहेरून सगळी मापं बरोबर आणि गिअर तरी पडत नाही, अशा चक्रावून टाकणाऱ्या केसमध्ये या बोटभर बेअरिंगकडे आधी पाहावं.

मापं म्हटलं की सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार आलं : शाळेच्या दप्तरातली फूटपट्टी. एकाने केबिनमध्ये पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने गाडीखाली, मास्टरच्या तेलाने फोर्क हलवणाऱ्या स्लेव्ह सिलेंडरचा (मोठ्या गाडीत सर्व्होचा, त्याविषयी पुढे) रॉड किती सरकतो ते मोजायचं. गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांची तुलना झाली की निम्मं निदान झालं. रॉड पुरेसा सरकत नसेल तर दोष बाहेर, पेडल आणि स्लेव्हच्या दरम्यान. रॉड पूर्ण सरकतोय आणि क्लच तरी सुटत नाही, तर दोष आत; आता गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही. पट्टी लावण्याआधी पेडलखाली जाड रबरी मॅट दुमडलेली नाही ना, हे पाहून घ्यावं. मॅटमुळे पेडल तळाला पोचत नाही आणि ट्रक गॅरेजला येतो, हे विनोदी वाटलं तरी घडतं. पेडलच्या ब्रॅकेटला गेलेला तडाही असाच : दाबलेला जोर ब्रॅकेट वाकवण्यातच संपतो.

मग येतं तेल. मास्टर सिलेंडरचा व्यास १९ मिलिमीटर धरला आणि पिस्टन ३० मिलिमीटर सरकला, तर तो ढकलतो ते तेल साडेआठ मिलिलिटर. चहाचे पावणेदोन चमचे. एवढ्या तेलावर क्लचची सुटका अवलंबून. त्यात दोन मिलिलिटर हवा शिरली, तर दाब येताच ती चेपून जवळजवळ नाहीशी होते आणि रॉडचा जवळपास चौथा हिस्सा प्रवास गिळते. आतल्या दीड मिलिमीटरमधून चौथा हिस्सा गेला की काय उरतं, याचा हिशोब वाचकाने करावा. म्हणून हवा काढण्याचं काम, ज्याला गॅरेजात ‘ब्लीडिंग’ म्हणतात, उरकून टाकण्याचं काम नव्हे. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं, आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वरची टाकी रिकामी होऊ न देण्याची खबरदारी. टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

हे तेल म्हणजे ब्रेकचंच तेल, आणि बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचं असतं. हवेतली वाफ ते शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. पाणी शोषलेल्या तेलासाठी तेच प्रमाण १४० अंशांवर येतं. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. कोकणच्या पावसाळ्यात दोन वर्षं तेच तेल वापरलेली गाडी उन्हाळ्यात कसाऱ्याच्या चढावर अडकली, क्लच हौसिंगला चिकटून बसलेला स्लेव्ह तापला, की तेलातल्या पाण्याची वाफ होते. सकाळी डेपोत व्यवस्थित पडणारा गिअर दुपारी घाटात पडत नाही, आणि संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर पुन्हा पडतो. अशा तक्रारीवर ‘ड्रायव्हरला चालवता येत नाही’ असा शेरा मारला जातो. तेल बदलून बघणं त्यापेक्षा स्वस्त.

याहून वाईट म्हणजे चुकीचं तेल. ब्रेकच्या तेलाऐवजी इंजिनाचं किंवा स्टीअरिंगचं खनिज तेल टाकीत पडलं तर रबरी कप फुगतात आणि सिलेंडरमध्ये अडकून बसतात. काही युरोपीय गाड्यांत मात्र कंपनीनेच खनिज तेल नेमलेलं असतं. तिथे ब्रेकचं तेल घातलं तर तोच अनर्थ उलट दिशेने. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचायला दोन सेकंद लागतात. चूक झालीच तर नुसतं तेल काढून भागत नाही. लाइनमधलं प्रत्येक रबर बदलावं लागतं.

आणखी एक बारीक फसवणूक मापाची. स्लेव्ह सिलेंडर बाजारात मिळाला, बोल्ट जुळले, म्हणून बसवला. जुन्याचा व्यास १९ मिलिमीटर आणि नव्याचा २२. दिसायला तीन मिलिमीटरचा फरक. पण तेलाचा हिशोब व्यासाच्या वर्गाने चालतो. रॉडचा प्रवास चौथ्या हिश्शाने कमी होतो. पेडल मऊ लागतं, ड्रायव्हर खूश होतो, आणि गिअर खरखरू लागतो. ‘पेडल हलकं झालं’ ही तारीफ ऐकली की चांगल्या मिस्त्रीने कान टवकारावेत.

मास्टर सिलेंडरमध्ये एक सुईएवढं छिद्र असतं. पेडल सोडल्यावर लाइनमधलं तेल त्यातून टाकीत परत जातं. पेडलच्या रॉडला थोडा मोकळा खेळ ठेवायचा तो यासाठी : पिस्टन पूर्ण मागे यावा आणि छिद्र उघडं राहावं. गिअर पडत नाही म्हणून एखाद्याने रॉड लांब करून हा खेळच खाऊन टाकला, तर छिद्र झाकलेलं राहतं, तापलेलं तेल फुगतं, जायला जागा मिळत नाही, आणि क्लच पाय न लावताच अर्धवट दाबलेला राहतो. म्हणजे न सुटणारा क्लच दुरुस्त करता करता घसरणारा क्लच तयार झाला. आतून फुगलेला रबरी होजही हेच करतो. तेल जातं, परत येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. क्लच घसरत असताना ब्लीडिंगचं निप्पल किंचित उघडायचं. तेल पिचकारीसारखं उडालं आणि घसरणं थांबलं, तर प्लेट निर्दोष. पेडलवर सतत पाय टेकवून चालवणारा ड्रायव्हरही नकळत हेच छिद्र झाकून ठेवतो आणि वर बेअरिंगलाही अखंड फिरवत राहतो.

मोठ्या ट्रक-बसमध्ये नुसत्या तेलावर भागत नाही. तिथे सर्व्हो असतो, ज्याला गॅरेजात ‘क्लच बूस्टर’ म्हणतात. मास्टरकडून आलेलं तेल त्यातला व्हॉल्व्ह उघडतं आणि ब्रेकच्याच टाक्यांतली दाबाची हवा पिस्टनला ढकलायला मदतीला येते. त्यामुळे पेडल अचानक दगडासारखं झालं तर आधी बघायचा तो हवेचा काटा. सकाळी हवा भरायच्या आत गिअरशी झटापट करणं हा निव्वळ उतावीळपणा. हवा पुरेशी असूनही पेडल जड असेल तर सर्व्होची हवेची लाइन, व्हॉल्व्ह, मग पिस्टन. इंजिन बंद करून शांततेत ऐकलं तर सर्व्हो स्वतःच बोलतो : पाय न लावता त्याच्या हवा सोडण्याच्या तोंडातून सुस्कारा येत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, पेडल दाबून धरल्यावरच येत असेल तर आतलं सील गळतंय. त्याच तोंडाशी तेलाचा ओलावा दिसला तर तेलाच्या बाजूचं सील फाटलेलं. टाकीतलं तेल कमी होतंय पण जमिनीवर डाग नाही, हे कोडं बहुधा इथे सुटतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी पुष्कळदा हवेच्या टाकीत साठलेलं पाणी असतं, जे काढून टाकायला क्लीनरला रोज मिनिटही लागत नाही.

केबिन पुढे कलणाऱ्या ट्रकमध्ये आणखी एक जागा तपासण्यासारखी. केबिन आणि चासीला जोडणारा होज प्रत्येक कलण्याबरोबर वाकतो. तो घासला गेला, चिमटला, की कितीही नवा मास्टर बसवा, उपयोग नाही.

एवढं करून दोष आत आहे असं ठरलं, तरच गिअरबॉक्स खाली येतो. आणि तेव्हा सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना क्लच भंगारात फेकून नवा बसवून मोकळं होणं. उतरलेला क्लच हा पंचनामा असतो. तो वाचायला हवा. फोर्कची टोकं झिजून खड्डे पडलेत का, फोर्कला केसासारखा तडा आहे का, बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिच्यावर खाच पडलीये का. प्लेट हातात घेऊन इनपुट शाफ्टच्या लांबट दातांवर (स्प्लाइनवर) सरकवून बघायची. ती स्वतःच्या वजनानेही सहज सरकली पाहिजे. अडली, तर प्रेशर प्लेट उचलली गेल्यावरही ती फ्लायव्हीललाच चिकटून फिरत राहणार. स्प्लाइनवर अगदी पातळ ग्रीसचा हात द्यावा लागतो. न दिला तर गंज. जास्त दिला तर ग्रीस उडून लायनिंगवर जातं आणि गाडी थरथरत उचलते. दोन्ही टोकांचे नमुने गॅरेजात भरपूर.

मग लायनिंगची जाडी. आपल्याकडे जुन्या प्लेटवर नवं लायनिंग रिव्हेट मारून बसवून देणारी दुकानं गावोगाव आहेत, आणि त्यांतली काही उत्तम काम करतात. पण मूळ जाडीपेक्षा मिलिमीटरभर जाड लायनिंग चढलं, तर दीड-दोन मिलिमीटरच्या उचलीत ती प्लेट मोकळी होईल कशी? ‘जाड आहे, जास्त दिवस जाईल’ असं म्हणून ती विकली जाते. मधल्या लहरदार पट्ट्या चेपलेल्या असल्या तर आणखी झटके. नवं लायनिंग लावलेली प्लेट घेताना व्हर्नियर कॅलिपर सोबत न्यायला लाजू नये.

फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या भेगा दिसल्या की ते लेथवर घासायला जातं. काही फ्लायव्हील सपाट नसून कढईसारखी खोलगट असतात आणि प्रेशर प्लेट त्यांच्या काठावर बसते. घर्षणाची बाजू अर्धा मिलिमीटर घासली तर काठही तेवढाच घासावा लागतो, नाहीतर दाबाचं आणि उचलीचं दोन्ही गणित चुकतं. लेथवाल्याला हे सांगावं लागतं. तो क्लच बसवत नाही, त्याला दिसतो फक्त लोखंडाचा तुकडा.

जुन्या क्लचमध्ये दाबासाठी गोल गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि त्या उचलायला तीन-चार फिंगर असत. फिंगरची उंची एकसारखी लावणं ही वस्तादाची कला होती. एक फिंगर खाली राहिला की प्लेट तिरकी उचलली जाई आणि एका बाजूने घासत राही. पुढे डायफ्राम स्प्रिंग आली : एकाच पोलादी चकतीच्या पाकळ्या, उंची कारखान्यातच ठरलेली. १९६५ साली जर्मनीत ब्यूल इथे सुरू झालेल्या लुक कंपनीने ही स्प्रिंग युरोपात रुजवली. तरी पाकळ्यांची टोकं एका पातळीत आहेत का हे बघावंच लागतं. शिवाय गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी प्लेटच्या मधल्या भागावर लटकलं, तरी प्लेट वाकते. डमी शाफ्ट लावून प्लेट मध्यावर धरणं, बोल्ट आळीपाळीने समोरासमोर आवळणं, गिअरबॉक्स जॅकवर समपातळीत आणणं, ही कामं दिसत नाहीत आणि बिलातही येत नाहीत. नव्या क्लचने पहिल्याच दिवशी दगा दिला तर बहुतेक वेळा दोष मालात नसून या चढवण्यात असतो. प्लेट उलटी बसवणं हा त्यातला सगळ्यात अक्षम्य प्रकार, कारण फ्लायव्हीलकडची बाजू कोणती हे प्लेटवरच कोरलेलं असतं.

हौसिंग उघडल्यावर आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सवय तेवढी सोडायला हवी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि माणसाला कर्करोग होण्याचं ते सिद्ध कारण आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये त्यावर बंदी घातली. डब्यातल्या प्लेटमध्ये ते आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ओल्या फडक्याने पुसलं तर पैसे जास्त लागत नाहीत.

महाराष्ट्रात या दुखण्याला दोन स्थानिक कारणं आहेत : पाणी आणि घाट.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा एसटी आगारातल्या बसही पाण्यात गेल्या. पुरातून निघालेल्या अवजड गाडीचं इंजिन, वायरिंग, ब्रेक यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. क्लच हौसिंग मात्र बंद डबा. पाणी आणि गाळ आत शिरतो, पण वाळायला वारा लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत लायनिंग फ्लायव्हीलच्या गंजाला चिकटतं. हाच प्रकार नुसत्या उभ्या गाडीतही होतो. मार्च २०२०च्या टाळेबंदीत आणि नंतर ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत चाललेल्या संपात एसटीच्या हजारो गाड्या आगारांत उभ्या होत्या. दमट हवेत इतके दिवस उभ्या राहिलेल्या कुठल्याही गाडीत बाहेरच्या सगळ्या चाचण्या ‘ठीक’ येऊनही क्लच सुटत नसेल, तर प्लेट चिकटली असण्याची शंका आधी घ्यावी. अशा वेळी इंजिन गरम करून, पेडल दाबून, गिअरमध्ये गाडी हलवून झटके देत प्लेट सोडवण्याची जुनी पद्धत आहे. मोकळं मैदान असेल तर ती चालते. आगाराच्या रांगेत, पुढे दुसरी बस उभी असताना, ती करू नये. आणि उभी गाडी आठवड्यातून एकदा सुरू करून क्लच दाबून गिअर टाकला तर हा प्रसंगच येत नाही.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली तेव्हापासून एसटी हा घाट चढणाऱ्या क्लचचा राज्यातला बहुधा सर्वांत मोठा अनुभवसाठा असावा. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा नि गावोगावचे आगार यांतून कुंभार्ली, आंबा, खंबाटकी, कसारा असे सगळे घाट पचवलेले क्लच आजवर उघडले गेले आहेत.

घाटात क्लच मरतो तो चढाने नव्हे, चढावरच्या कोंडीने. हँडब्रेक ओढून थांबण्याऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली जाते. प्लेट घसरते, तापते. लायनिंग आधी पकड सोडतं. तापमान उतरलं की पकड परत येते, म्हणून ड्रायव्हर निश्चिंत होतो. पण पोलादाची प्लेट तापून किंचित वाकलेली असते, प्रेशर प्लेट ताटलीसारखी पसरट शंकू झालेली असते. आता उचल तीच, पण वाकलेल्या प्लेटला मोकळं व्हायला जास्त जागा लागते. आज घसरलेला क्लच उद्या न सुटणारा होतो तो असा. त्यात भारही वाढला : जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी ॲक्सलवरची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. कायद्याच्या बाहेरचं वजन त्यावर वेगळं. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात शेतातल्या भुसभुशीत मातीतून भरलेला ट्रक बाहेर काढताना तर क्लचचा एका दिवसात महिन्याचा जमाखर्च होतो.

उतारावर हाच दोष जिवावर बेततो. मोठा गिअर काढला, खालचा टाकायला गेला, क्लच सुटत नाही म्हणून तो पडला नाही, आणि पस्तीस-चाळीस टनांची गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिनाचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले. नंतरच्या बातमीत दोन शब्द येतात : ब्रेक निकामी. गिअर का पडला नव्हता, हे विचारायला तिथे कोणी नसतं. क्लचच्या तक्रारीची नोंद ‘किरकोळ’ खात्यात टाकणाऱ्या प्रत्येक वाहतूकदाराने खोपोलीच्या बाजूचा बोरघाट एकदा भरल्या गाडीने, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून उतरावा.

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तिथले ईटन फुलर गिअरबॉक्स सिंक्रोनायझरशिवायचे. बेअरिंग ढकलून नव्हे, तर ओढून सुटणारा क्लच, आणि पेडलच्या शेवटच्या इंचात शाफ्टला थांबवणारी एक छोटी ‘क्लच ब्रेक’. तिथल्या मेकॅनिकला दोन आकडे पाठ असतात : बेअरिंग आणि क्लच ब्रेकमध्ये अर्धा इंच, फोर्क आणि बेअरिंगमध्ये एक अष्टमांश इंच. म्हणजे साडेबारा आणि तीन मिलिमीटरच्या आसपास. चालत्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं की तीच क्लच ब्रेक फाटते. ती फक्त उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकण्यासाठी. आपल्याकडे ‘पेडल पूर्ण दाब’ हे शिकवतात, तिथे ‘पूर्ण दाबू नको’. क्लच एकच, पण सवय गाडी बघून लावावी लागते.

आता नव्या ट्रकांत पेडलच जाऊ लागलंय. ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एएमटीत, क्लच आहे तसाच कोरडा, एका प्लेटचा असतो. त्याला दाबणारा पाय तेवढा बदलला. हवेचा किंवा विजेचा ॲक्चुएटर संगणकाच्या हुकमावर बेअरिंग सरकवतो, सेन्सर त्याची जागा मोजत राहतो, आणि प्लेट झिजेल तसा पकडण्याचा बिंदू संगणक पुन्हा शिकून घेतो. क्लच बदलला आणि हे ‘शिकवणं’ राहिलं तर नवी कोरी गाडी झटके देते. वायर जोडून संगणकाला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. हौसिंगमधली फट मात्र तेवढीच राहिली आहे, आणि ॲक्चुएटरचा सेन्सर जे दाखवतो ते दुसरं काही नसून गाडीखाली झोपलेला हेल्पर फूटपट्टीवर वाचायचा तोच आकडा. फरक इतकाच, की हा आकडा कमी पडू लागला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी पुढचा गिअर टाकायला साफ नकार देते. दांडा जोरात ढकलून महिनाभर ढकलगाडी करण्याची सोय तिने ठेवलेली नाही.